थोरली फिरेपर्यंत

धरणाच्या पोटात बारा महिने पाऊस पडतो. बाहेर कडक ऊन असो की आभाळ निळंशार असो, भिंतीच्या आतल्या त्या लांबलचक बोगद्यात छतातून आपलं टपटप, टपटप चालूच. नव्वद वर्षांची म्हातारी भिंत ती, थोडी गळणारच. म्हणून तिथे काम करणारी माणसं घरातून निघताना आभाळाकडे बघत बसत नाहीत. सरळ छत्री उचलतात.

त्या दिवशी सकाळीही चिमणी छत्री घेऊनच बोगद्यात शिरली. चिमणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी बाबांच्या मागेमागे ती पॉवर हाऊसभर चिवचिवत फिरायची, तेव्हा तिथल्या मंडळींनी ठेवलेलं. आता ती चोवीस वर्षांची झाली होती, धरणावरच नोकरीला लागली होती, गळतीचं पाणी रोज मोजून लिहून ठेवायचं तिचं काम होतं. माणूस मोठं झालं, नाव काही मोठं झालं नाही. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बादली, गळ्यात सेकंद मोजायचं घड्याळ... अशी ती वळणावर आली आणि थबकली.

नेमकं जिथे सगळ्यात जास्त गळतं, तिथे एक मुलगा उभा होता. नखशिखांत भिजलेला. कमरेला भलीमोठी मोजायची टेप, आणि शर्टाच्या आत कागदांची गुंडाळी छातीशी धरलेली, तान्हं बाळ धरावं तशी.

“दोन पावलं डावीकडे सरका,” ती म्हणाली. “तिथे गळत नाही.”

तो सरकला. तिथे तर धारच होती.

“डावीकडे म्हणाले मी.”

“तुमच्या डावीकडे की माझ्या?”

“भिजतंय कोण?”

तो हसला. केसांतून पाणी गळत असताना इतकं मनापासून हसणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला. “आत पाऊस पडतो हे मला कुणी सांगितलंच नाही.”

“इथे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून कुणी कुणाला सांगत नाही.” तिनं छत्री थोडी पुढे केली. “या, जागा आहे... कागदांना. तुम्ही काय, भिजलेलेच आहात.”

त्यानं मुकाट्यानं कागद छत्रीखाली धरले आणि स्वतः बाहेर उभा राहिला. मग बादलीकडे बघून म्हणाला, “आणि हे काय?”

“दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते बघायचं. लवकर भरायला लागली तर भिंतीला काहीतरी होतंय. रोज एक्केचाळीस सेकंद लागतात. चार वर्षं झाली, फार फार तर एखाद सेकंद इकडेतिकडे.”

तिनं बादली लावली, घड्याळ चालू केलं. बादली भरली, वाहायला लागली, तिच्या चपला भिजल्या, तेव्हा कुठे तिचं लक्ष गेलं. घड्याळात अठ्ठावन्न सेकंद झाले होते.

“काही झालं का भिंतीला?” त्यानं काळजीनं विचारलं.

“भिंतीला नाही,” ती म्हणाली आणि बादली रिकामी करून पुन्हा लावली. या वेळी त्याच्याकडे पाठ करून.

*

तो नवा इंजिनिअर होता. धरणाच्या पायथ्याचं जुनं पॉवर हाऊस नव्यानं उभं करायचं ठरलं होतं, त्याची मोजमापं घ्यायला आलेला. दोन दिवसांत सगळे त्याला टेपच म्हणायला लागले. दारं मोज, खिडक्या मोज, एकदा तर चहाचा कप मोजताना सापडला.

पॉवर हाऊसमध्ये तीन मशीन होती. प्रत्येक मशीन एका खोलीएवढं. कागदोपत्री एक, दोन, तीन; पण तिथली माणसं त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणायची. थोरली सगळ्यात आधी आली आणि सहा वर्षं एकटीनं अख्ख्या गावाला दिवे दिले. मग मधली आली, मग धाकटी. अकरा वर्षांपूर्वी पूर आला, पॉवर हाऊसमध्ये छातीभर गाळ भरला, आणि तेव्हापासून फक्त मधली चालत होती. बाकी दोघी गप्प.

चिमणीच्या बाबांनी चौतीस वर्षं ही मशीन चालवली होती. त्यापायी त्यांचे कान गेले. पण त्यांना फारसं काही अडत नव्हतं, कारण पॉवर हाऊसच्या जुन्या माणसांना एक विद्या येते. मशीनच्या आवाजात बोलणं ऐकूच येत नाही, म्हणून ती ओठ वाचतात. चौतीस वर्षं रोज वाचतात. चिमणीही लहानपणापासून त्यांच्यात वाढली, तिलाही येतं. आणि या विद्येचा एक नियम आहे, तो बाबांनी तिला पहिल्याच दिवशी शिकवला होता. बोलणं आपल्यासाठी नसेल तर नजर फिरवायची. दुसऱ्याच्या ओठांकडे बघणं म्हणजे दुसऱ्याचं पत्र उघडणं.

चिमणीनं तो नियम चौथ्या दिवशी मोडला.

टेप मधलीपाशी उभा राहून काहीतरी मोजत होता आणि ती समोरून चालली होती. मशीनच्या घरघरीत आपलं बोलणं कुणाच्या बापाला ऐकू जात नाही अशा खात्रीनं तो स्वतःशीच पुटपुटला, “एवढे मोठे डोळे... पाण्यातच राहून झाले असतील.”

तिनं नजर फिरवायला हवी होती. पण ती पायऱ्यांवर अडखळली, सावरली, आणि घरी जाऊन आरशासमोर उभी राहिली.

*

काम असं होतं – तीनपैकी एक मशीन नवं करायचं, एक तसंच चालू ठेवायचं, आणि एक कापून भंगारात काढायचं, कारण नव्या यंत्रणेला जागा लागणार होती. मधली तर चालूच होती. प्रश्न होता थोरली की धाकटी. दोघींचा मधला दांडा, ज्याला तिथे शाफ्ट म्हणतात, तो आत बंद होता. सगळं उघडून बघायचं तर वर्ष गेलं असतं. मग राहिल्या जुन्या नोंदवह्या. माळ्यावर शंभरेक वह्या पडून होत्या, पण त्यातलं अक्षर टेपला लागेना. चिमणीला लागायचं. साहेबांनी तिला मदतीला दिलं.

रोज दुपारी ती वाचायची आणि तो लिहून घ्यायचा.

“दुपारी तीन. मासा अडकला,” ती वाचत होती. “मशीन बंद. मासा मोठा. चार वाजता मासा निघाला. मशीन चालू.”

“माशाचं पुढे काय झालं?”

“ते सरकारी काम नाही.”

“इतकी वर्षं त्याचा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्हाला...”

“लिहा. एक नंबर, बेअरिंग गरम. एक नंबर पुन्हा थरथरतंय. एक नंबर, शाफ्टचा आवाज वाईट.”

“हे एक नंबर भलतंच नाठाळ दिसतंय.”

“तुमच्यासारखं. एका जागी स्वस्थ बसत नाही.”

असं हसत, धूळ झटकत, चहा गार करत त्यांनी पाच आठवडे काढले. आणि खाली मशीनपाशी तो रोज काही ना काही पुटपुटायचा. “आज निळी ओढणी... आज माझं मोजमाप चुकणार.” किंवा, “रागावली की नाकाचा शेंडा आधी लाल होतो.” ती प्रत्येक वेळी ठरवायची, आता बघायचं नाही. आणि प्रत्येक वेळी बघायची. आपण रोज कुणाचं तरी पत्र चोरून वाचतोय असं तिला वाटायचं, आणि उद्याच्या पत्राची वाटही बघायची.

पहिल्याच आठवड्यात एकदा तो घरी आला होता. बाबांना थोरलीबद्दल विचारायला, असं तो म्हणाला. आई चहा देताना म्हणाली, “यांच्याशी बोलायचं तर समोर बसून बोला. मला काही सुनवायचं असलं की मी पाठ फिरवून सुनावते. तीस वर्षांत एक भांडण हरले नाही.”

बाबा गडगडाटी आवाजात हसले. कान गेलेल्या माणसाला स्वतःचा आवाज किती मोठा ते कळत नाही. “थोरलीला एकदा फिरताना ऐकायचंय,” ते टेपला म्हणाले. “कान गेले, पण माझी काठी आहे ना.” कोपऱ्यात एक लाकडी काठी होती. एक टोक बेअरिंगला टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला. मशीनच्या पोटातलं सगळं हाडातून ऐकू येतं. “ही चिमणी जन्मली तेव्हा मी थोरलीपाशीच ड्युटीवर होतो. त्या दिवशी जी गात होती...”

चिमणी स्वयंपाकघरात गेली, तरी बाबा आणि टेप बराच वेळ काहीतरी बोलत होते.

*

सोमवारी टेप बोगद्यात आला. छत्री घेऊन. “अहवाल गेला वरती,” तो म्हणाला. “मंजूरही झाला. शुक्रवारी कापणारी माणसं येतायत.”

“कुणाला कापणार?”

“एक नंबर. चाळीस वर्षांच्या नोंदी आहेत, तुम्हीच तर वाचल्यात.”

तिच्या हातातलं घड्याळ चालूच राहिलं. एक नंबर म्हणजे दारातून शिरल्यावर पहिलं मशीन. त्याच्यावर ठळक पांढरा एकचा आकडा. ती थोरली होती.

पाच आठवडे हसत हसत ती आकडे वाचत गेली, आणि एकदाही मान वर करून बघितलं नाही की आपण कुणाबद्दल वाचतोय.

“ती थोरली आहे,” ती म्हणाली.

“मला... मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.”

“बाबा अकरा वर्षं थांबलेत.”

“पण शाफ्ट खराब असेल तर मी तरी काय...”

“तुम्ही काही करू नका. तुम्ही मोजा.”

ती छत्री तिथेच टाकून निघाली. बोगद्याच्या तोंडाशी वळून बघितलं तेव्हा तो स्वतःशीच काहीतरी म्हणत होता. या वेळी तिनं खरोखरच नजर फिरवली.

दुसऱ्या दिवशी तिची बादली जिथे ठेवलेली असायची तिथे प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेली एक जुनी वही होती. एका पानात टेपच्या अक्षरातला कागदाचा कपटा. त्यावर लिहिलं होतं: ‘हे गेल्या आठवड्यात सापडलं. तुमच्यामुळे आता मलाही थोडं अक्षर लागतं. तुमच्या वाढदिवसाला द्यायचं ठरवलं होतं. आता राहवत नाही म्हणून देतो. माफी मागायला दुसरं काही नाही माझ्याकडे.’

तिनं पान उघडलं. बाबांचं अक्षर, तरुण, तिरकं. तिच्या जन्माची तारीख.

‘सकाळी सात. मी तीन नंबरवर. निरोप आला, मुलगी झाली. तीन नंबरचा आवाज उत्तम. मुलीचाही उत्तम असल्याचं कळतं.’

ती हसली आणि मग रडली. मग पुन्हा वाचलं.

तीन नंबरवर?

बाबा तर थोरलीपाशी होते. ही गोष्ट तिनं हजार वेळा ऐकली होती, बाबांनी तीत कधी एक शब्द बदलला नव्हता. थोरली तीन नंबर कशी असेल?

बादली तशीच टाकून ती घरी धावली आणि बाबांसमोर जाऊन उभी राहिली. “बाबा, थोरलीचा नंबर कितवा?”

“तिला नंबरानं हाक कोण मारतं?”

“वहीत लिहिताना काय लिहायचात?”

“तीन. नंबर दारापासून, आल्याच्या क्रमानं नाही. दारातून शिरलं की धाकटी, मधली, थोरली. शेवटी थोरली.”

“पण दारातून शिरलं की पहिली थोरलीच येते.”

बाबांनी तिच्याकडे बघितलं, एखाद्या लहान मुलीकडे बघावं तसं. “अगं, हे नवं दार. आमचं दार नदीच्या बाजूला होतं. पुरात तिथून पाणी शिरलं म्हणून ते बुजवलं आणि डोंगराच्या बाजूला नवं पाडलं. तेवढ्यात मशीनही नव्यानं रंगवून घेतली.” ते बोलता बोलता थांबले. “रंगारी नव्या दारातून आला असणार.”

नव्या दारातून आला, आणि दाराकडून एक, दोन, तीन असे आकडे काढून गेला. मधली कुठूनही मोजली तरी मधेच, तिचा आकडा चुकायचा प्रश्नच नव्हता. आणि चालत होती ती एकटीच. बाकी दोघींना अकरा वर्षांत कुणी नंबरानं हाकही मारली नव्हती. जुन्यांना सगळं माहीत होतं, म्हणून कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

“मग थरथरायची ती?”

“धाकटी. पहिल्यापासून लाडावलेली.”

*

मधली सफाईसाठी बंद होती, टेप पॉवर हाऊसमध्ये एकटाच बसला होता. ती धापा टाकत आली आणि त्याच्या खिशातली पट्टी काढून थोरलीवरचा पांढरा रंग खरवडायला लागली.

“अहो, हे सरकारी...”

“खरवडा.”

त्यानं चावी काढली. दोघं शेजारी गुडघ्यांवर बसून खरवडत राहिले. पांढऱ्या एकच्या खाली हिरवा थर लागला, आणि हिरव्याच्या खाली, फिकट निळा, जुना, गोल वळणाचा तीनचा आकडा.

तिनं त्याला दार, पूर, रंगारी सगळं सांगितलं. त्यानं बोटानं तो तीन गिरवला. तिला कळत होतं, अहवालावर त्याची सही होती. ही त्याची पहिलीच मोठी जबाबदारी. पाच आठवड्यांचं काम चुकीच्या मशीनवर बसलं होतं, आणि हे माहीत असलेली दोनच माणसं इथे जमिनीवर बसलेली होती.

“तुमचं काय होईल?” तिनं विचारलं.

“ओरडतील.” तो उठला, हाताचा रंग विजारीला पुसला. “वहीतला मासा सुटला, तसे आपणही सुटू.”

त्यानं त्याच दुपारी वरच्या ऑफिसला लिहिलं, चूक माझी, मशीनची ओळख मी पटवून घेतली नाही. शुक्रवारी कापणारी माणसं आली ती रिकाम्या हातानं परत गेली. सोमवारी तो पुन्हा बोगद्यात आला, तोंड पाडून.

“ओरडले?”

“खूप. शिक्षाही दिली.” त्यानं उसासा सोडला. “म्हणाले, आता थोरली फिरेपर्यंत तिथून हलायचं नाही.”

“अरेरे.”

“आठ महिने तरी लागतील.”

“फार वाईट झालं,” ती म्हणाली आणि बादली लावली. त्या दिवशी बादली चार वेळा भरावी लागली.

*

आठ महिने. थोरली सुटी झाली, तिचा शाफ्ट बाहेर आला तेव्हा सरळ आणि आरशासारखा लख्ख निघाला, बाबांनी त्याच्यावरून हात फिरवला. कधीतरी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं, नेमकं कोणत्या दिवशी ते दोघांनाही सांगता आलं नसतं. एकेक भाग जागेवर बसत गेला, आणि चिमणीला एक विचित्र दुखणं लागलं. थोरली फिरावी म्हणून तिचा जीव तुटत होता. आणि थोरली फिरली की तो जाणार होता. एकदा एक बोल्ट सापडेना, तर तिला इतका आनंद झाला की स्वतःचीच लाज वाटली.

तो मशीनपाशी पुटपुटत होताच. पण हल्ली एकच वाक्य. “हिला कसं विचारू...” एवढंच म्हणायचा आणि पुन्हा मोजायला लागायचा.

मग तो दिवस आला. सकाळचं ऊन उंच खिडक्यांतून आत आलेलं. भिंतीशी एका बाकावर पाच जुने ऑपरेटर बसले, बाबा मध्ये, मांडीवर काठी. पाण्याचं दार उघडलं, पाणी मशीनमध्ये आलं, जमिनीतून एक कंप पायांत चढला... आणि थोरली हलली. आधी जड, कुरकुरत. मग हळूहळू तिचा आवाज भरत गेला, इतका की हॉलमध्ये दुसरं काही उरलं नाही.

बाबा उठले. काठीचं एक टोक बेअरिंगला टेकवलं, दुसरं कानामागे. डोळे मिटले. मग इकडे वळून फक्त ओठांनी म्हणाले, “तीच आहे,” आणि बाकावर परत जाऊन बसले.

चिमणीनं डोळे पुसले. मशीनच्या पलीकडे टेप उभा होता. तो तिच्याकडेच बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते.

“इथल्या कायमच्या जागेसाठी अर्ज लिहिलाय. खिशात आहे. तू म्हणालीस तर देतो. नाहीतर उद्याची गाडी आहे.”

तिनं कानाला हात लावला. ऐकू येत नाही, अशी खूण केली.

“येतंय तुला,” त्याचे ओठ म्हणाले. “तू ओठ वाचतेस हे तुझ्या बाबांनी मी घरी चहाला आलो तेव्हाच सांगितलं. पुढे मलाही शिकवलं.”

तिला वाटलं थोरलीबरोबर आपणही फिरतोय. चहा म्हणजे... सुरुवातीलाच. म्हणजे निळी ओढणी. म्हणजे नाकाचा शेंडा. म्हणजे पाण्यातल्या डोळ्यांचं तेवढं चोरलेलं होतं, आणि त्यानंतरचं प्रत्येक पत्र तिच्याच पत्त्यावर येत होतं.

“नऊ महिने?” तिचे ओठ म्हणाले. “नऊ महिने तू नुसता...”

“तू कधी उत्तर देतेस त्याची वाट बघत होतो. तू पळून जायचीस.” तो एक पाऊल पुढे आला. “मला तू आवडतेस. बादलीसकट. आता सांग.”

तेवढ्यात तिला बाक आठवला. पाच माणसं, प्रत्येकाला तीस-तीस वर्षांचा सराव. तिनं घाबरून तिकडे बघितलं. बाबांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग टेपकडे. मग त्यांनी काठी खाली ठेवली आणि शांतपणे भिंतीकडे तोंड करून बसले. शेजारच्यानं त्यांच्याकडे बघून पाठ फिरवली. मग त्याच्या शेजारच्यानं. पाचही म्हातारे ओळीनं भिंतीकडे तोंड करून बसले, जणू त्या भिंतीइतकं बघण्यासारखं जगात काही नाही.

मग चिमणीनं उत्तर दिलं. ते काय होतं ते इथे सांगता येणार नाही, नियम म्हणजे नियम. एवढं मात्र खरं, की ते उत्तर बरंच लांब होतं, त्यात दोनदा तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला, आणि शेवटी त्यानं खिशातून घडी घातलेला अर्ज काढून तिच्या हातात दिला.

थोड्या वेळानं बाबा भिंतीकडे बघतच गरजले, थोरलीच्या वरताण, “झालं का तुमचं बोलून?”

“नाही,” चिमणी म्हणाली.

पण पाठ फिरवून बसलेल्या माणसाला ते कुठून कळणार. मग पाचही जण तसेच बसून राहिले, बराच वेळ.